जवळचं कॉलेज, बोर्डाचे गुण आणि वर्षाचे ६०,०००: एका मुलीच्या प्रवेशाचं प्रकरण

२८ मे २०१९ ला बारावीचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले एक शेतकरी, आप्पा, मुलीला घेऊन माझ्या घरी आले. मी तेव्हा तालुक्यातल्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि ही मुलगी माझ्या वर्गातली. ६५० पैकी ६०६, म्हणजे ९३.२३ टक्के. हातात पेढ्यांचा पुडा आणि आप्पांच्या खिशात घडी घालून ठेवलेला एक कागद. पेढा तोंडात टाकायच्या आत त्यांनी तो कागद पुढं केला. पुण्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या फीचा तो तक्ता होता, कुणीतरी भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आणि यांनी झेरॉक्सच्या दुकानात छापून आणलेला.

"सर, इंजिनिअर करायचीय तिला. कर्ज काढू," आप्पा म्हणाले. मुलगी गप्प होती.

त्या दिवसापासून पुढच्या पाच वर्षांत काय काय झालं, कुठं चुकलो, कुठं वेळेवर शहाणपण सुचलं, ते इथं सविस्तर मांडतो. मुलीचं, गावाचं, कॉलेजचं नाव देत नाही. आकडे मात्र आम्ही त्या दिवशी वहीत मांडले तेच आहेत.

घरची बाजू

तीन एकर रान, त्यातलं निम्मं विहिरीच्या भरवशावर. खरिपात बटाटा, रब्बीत ज्वारी, गोठ्यात दोन म्हशी, डेअरीला सकाळ-संध्याकाळ दूध. तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला ८४,००० चा. धाकटा भाऊ सातवीत. खुला प्रवर्ग, म्हणजे राखीव प्रवर्गांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू नाही.

एक जमेची बाजू होती. आठवीत असताना ती एनएमएमएस परीक्षेत निवडली गेली होती. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती म्हणतात ती हीच. नववी ते बारावी दरवर्षी पैसे मिळतात. आधी वर्षाला ६,००० होते, एप्रिल २०१७ पासून १२,००० झाले. त्यामुळं ऑनलाइन अर्ज, आधार जोडलेलं खातं, शाळेकडून होणारी पडताळणी हे शब्द या घराला परके नव्हते. ज्या घरात आठवीत एकदा शिष्यवृत्ती येते, त्या घराला पुढची शोधायची हिंमत येते, असं मी अनेकदा पाहिलंय. म्हणून आठवीच्या वर्गशिक्षकांनी ही परीक्षा मनावर घ्यावी असं मला फार वाटतं.

आठवडाभरात इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा निकाल आला. ८८ पर्सेंटाइल. बोर्डात ९३ टक्के घेणाऱ्या मुलीला सीईटीत इतकेच का, असा प्रश्न घरात उठला आणि दोन दिवस तिचं जेवण सुटलं. कारण साधं होतं. त्या वर्षी सीईटी पहिल्यांदाच संगणकावर झाली. हिनं संगणकावर सोडवलेला पहिला पेपर म्हणजे ती परीक्षाच. क्लास लावलेला नव्हता, सराव चाचण्या नव्हत्या. बोर्डाचा पेपर मात्र तिनं वर्षभर रोज पहाटे उठून लिहून लिहून तयार केला होता.

जवळची आणि फी परवडणारी दोन नावाजलेली इंजिनिअरिंग कॉलेजं आमच्या भागाला आहेत, कराडचं शासकीय आणि सांगलीचं वालचंद. तिथं लागायला हे पर्सेंटाइल पुरणार नव्हते. उरलं ते दूरचं खासगी.

वहीतला हिशेब

मी आप्पांना म्हटलं, तक्ता बाजूला ठेवा, आपण आपला हिशेब मांडू. त्यांच्या घरी वसरीत बसलो. दुधाच्या हिशेबाची वही उलटी करून मागच्या पानावर मुलीनंच लिहिलं.

पुण्याला जायचं तर शिक्षण शुल्क १,१०,०००. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून त्यातलं निम्मं सुटलं असतं, म्हणजे ५५,००० आपले. विकास शुल्क व इतर १२,०००. राहणं आणि मेस ८०,०००. पुस्तकं, येणं-जाणं, कपडे धरून १३,०००. वर्षाचे १,६०,०००, चार वर्षांचे ६,४०,०००. शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण लागत नाही हे आप्पांना ठाऊक होतं, म्हणून तर ते "कर्ज काढू" इतक्या सहज म्हणाले होते. पण चार लाखांच्या पुढचे दोन लाख चाळीस हजार कुठून येणार याचं उत्तर वहीत नव्हतं. मुलगी तो आकडा लिहून थांबली आणि पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल काढत राहिली.

मग दुसरी बाजू. साताऱ्यातलं जुनं अनुदानित कॉलेज, घरापासून एसटीनं तासाभरावर. बी.एस्सी.ची अनुदानित तुकडी, फी ८,५००. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांशात प्रवास. तो वर्षाला ९,००० च्या आसपास. जर्नल, एप्रन, पुस्तकं ४,५००. डबा घरचा. एकूण २२,०००.

आप्पांना हा आकडा पटला, पण तोंड उतरलं. त्यांच्या मनात बी.एस्सी. म्हणजे इंजिनिअरिंगला न लागलेल्यांची जागा. मुलीच्या आईनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "पण सर, बी.एस्सी. करून पुढं काय?" हा प्रश्न रास्त होता. तिथं मी खोटा धीर दिला नाही. म्हटलं, नुसती बी.एस्सी. करून लगेच नोकरी लागेल असं नाही. एम.एस्सी. करावी लागेल, म्हणजे पाच वर्षं. पुढं प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षा, संशोधन, शिक्षकी किंवा स्पर्धा परीक्षा. रस्ता लांबचा आहे, पण कर्ज डोक्यावर नसेल तर लांबचा रस्ता चालता येतो.

आणि मग इन्स्पायरचं सांगितलं.

बोर्डाच्या गुणांना मोल देणारी योजना

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर योजना २००८ साली सुरू झाली. तिच्यातली उच्च शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती अशी: आपापल्या बोर्डाच्या बारावीच्या निकालात वरच्या एक टक्क्यात असलेला विद्यार्थी मूलभूत विज्ञानात बी.एस्सी. किंवा सलग एम.एस्सी.ला प्रवेश घेतो, तेव्हा त्याला वर्षाला ८०,००० पर्यंत मदत मिळते. यातले ६०,००० थेट विद्यार्थ्याच्या खात्यात, महिना ५,००० च्या हिशेबानं वर्षातून एकदा. उरलेले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं. जेईई, नीटच्या वरच्या क्रमांकांचीही वाट त्यात आहे, पण आमच्यासारख्या तालुक्यांतल्या मुलांची वाट बोर्डाचीच.

या योजनेला कॉलेज कोणतं याचं सोयरसुतक नाही. मान्यताप्राप्त असलं की झालं. पुण्या-मुंबईतलं नामांकित कॉलेज आणि तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज, दोन्हीकडं रक्कम तीच. मग ज्याची फी ८,५०० आहे तिथं ६०,००० मिळाले तर घराला केवढा आधार होतो! आणि ज्या मुलांचं सीईटीत जमत नाही पण बोर्डाचा अभ्यास चोख असतो, त्यांच्या वर्षभराच्या कष्टांची इथं दखल घेतली जाते. खेड्यातल्या शिक्षकांनी हे ओरडून सांगायला हवं. मी स्वतः २०१९ च्या आधी नऊ-दहा वर्षं शिकवत होतो आणि माझ्या हाताखालून गेलेल्या किती मुलांना हे सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. मला पूर्ण माहिती नव्हती, आणि मी शोधलीही नव्हती.

मुलीनं विचारलं, "सर, मी एक टक्क्यात आहे का?" त्या सकाळी याचं उत्तर नव्हतं. दरवर्षीची बोर्डनिहाय किमान टक्केवारी योजनेच्या संकेतस्थळावर येते, पण ती निकालाच्या दुसऱ्या दिवशी नसते. काही बोर्डं गुणपत्रिकेबरोबर पात्रतेचं पत्र देतात. ते नसलं तरी टक्केवारी पाहून अर्ज करता येतो. आधीच्या वर्षांचे आकडे पाहून मला ९३ पुरतील असं वाटत होतं. खात्री नव्हती, आणि तसं मी सांगितलं.

जूनमधली निवड

इथं या प्रकरणाची खरी कळ आहे. प्रवेश जूनमध्ये, इन्स्पायरचा अर्ज दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे शिष्यवृत्ती मिळेल की नाही हे कळायच्या आधी चार-पाच महिने विषय निवडायचा, आणि विषय चुकला तर नंतर दुरुस्ती नाही.

मुलीच्या मैत्रिणी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स एन्टायरला, म्हणजे संपूर्ण कॉम्प्युटरच्या पदवीला, चालल्या होत्या. कॉलेज तेच, इमारत तीच, एसटीही तीच. तिलाही तेच हवं होतं, कारण "कॉम्प्युटरला नोकरी लागते" असं सगळे म्हणत. तो अर्ज तिनं भरून आणला होता, फोटोही चिकटवला होता. मी तिला दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, माहितीपुस्तकातलं फीचं पान. एन्टायरची तुकडी विनाअनुदानित होती आणि तिची फी अनुदानित तुकडीच्या कितीतरी पट. दुसरी, इन्स्पायरची विषयांची यादी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र असे मूलभूत आणि नैसर्गिक विज्ञानाचे विषय त्यात आहेत. कॉम्प्युटर सायन्स त्यात नाही. बायोटेक्नॉलॉजी नाही. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, औषधनिर्माण तर नाहीच.

ती यादी तिनं दोनदा वाचली. मग म्हणाली, "सर, मला फिजिक्स आवडतं. पण घरी सांगायला मला काहीतरी हवं होतं." मला त्या वाक्याचं मोल वाटलं. ज्या विषयात तिचं मन होतं तोच विषय परवडणारा निघाला, हे तिचं नशीब. सगळ्यांचं तसं नसतं. कुणाला खरोखरच कॉम्प्युटर सायन्स करायचं असेल तर शिष्यवृत्तीसाठी रसायनशास्त्र घ्या असं मी सांगणार नाही. पाच वर्षं न आवडणाऱ्या विषयात काढायला ६०,००० कमी आहेत.

तिनं अनुदानित तुकडीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र घेतलं. शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र ठेवायचं हे तेव्हाच ठरलं. त्या वेळी आमच्याकडं पहिल्या वर्षी चार विषय आणि तिसऱ्या वर्षी एक अशी रचना होती. आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, म्हणजे मुख्य विषय आधीच ठरतो, त्यामुळं यादी समोर ठेवूनच प्रवेशाचा अर्ज भरावा.

प्रवेश घेताना आम्ही एक पक्कं धरलं होतं. इन्स्पायर मिळाली नाही तरी हे शिक्षण पूर्ण होईल असंच कॉलेज घ्यायचं. २२,००० म्हणजे दोन म्हशींच्या दुधातून निघणारा खर्च. शिष्यवृत्ती आली तर वरची. शिष्यवृत्ती येईलच असं धरून महागड्या ठिकाणी पाऊल टाकलेली आणि दुसऱ्या वर्षी परत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

माहितीपुस्तकाची शेवटची पानं

मोठ्या शिष्यवृत्तीच्या मागं लागताना जवळचं विसरू नये म्हणून हे सांगतो. जुन्या कॉलेजांच्या माहितीपुस्तकात शेवटी बारीक टायपात पारितोषिकांची यादी असते. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, पदार्थविज्ञानात प्रथम येणाऱ्या विद्यार्थिनीस', 'माजी प्राचार्य तमुक यांच्या सत्कार निधीतून'. कुणीतरी कधीतरी कॉलेजकडं ठेव ठेवलेली असते, तिच्या व्याजातून ही बक्षिसं. काही ५०१ ची, काही २,५०० ची. काही आपोआप मिळतात, काहींना अर्ज लागतो आणि अर्जच येत नाहीत म्हणून ती तशीच पडून राहतात.

आम्ही ती पानं पेन घेऊन वाचली. तिला लागू होतील अशा चार नोंदींवर खूण केली. मग मी तिला एकटीलाच प्राचार्यांना भेटायला पाठवलं. सोबत गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि तिनं स्वतः हातानं लिहिलेला अर्ज: बारावीत इतके गुण आहेत, घरची परिस्थिती अशी आहे, फीत काही सवलत असेल तर मिळावी. प्राचार्यांनी तिला बसवून घेतलं. फी दोन हप्त्यांत भरायची परवानगी दिली आणि 'कमवा आणि शिका'मध्ये तिचं नाव घातलं. ग्रंथालयात दिवसाला दोन तास, पुस्तकं लावणं, नोंदी करणं. पहिल्या वर्षाच्या शेवटी गणितात पहिली आल्याबद्दल एक पारितोषिकही मिळालं. रक्कम लहान, पण स्टेजवर बोलावून दिलं आणि आप्पा पांढरा सदरा घालून आले होते.

साताऱ्याच्या मातीत हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य इथल्या घराघरात पोचलेलं आहे. माझे वडील असेच काम करत शिकले. काम करून शिकायची लाज वाटायची नाही, हे आमच्याकडं वेगळं शिकवावं लागत नाही. पण अशी संधी आहे हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

अर्ज आणि एक अडलेलं खातं

इन्स्पायरचा अर्ज सुरू झाला तेव्हा तिच्या वर्षाची किमान टक्केवारीही संकेतस्थळावर आली. मुलीचे गुण त्याच्या वर होते. दहावीची गुणपत्रिका जन्मतारखेसाठी, बारावीची गुणपत्रिका, आणि प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र. तो नमुना संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यायचा असतो. कॉलेजचं नेहमीचं बोनाफाइड चालत नाही. वयाची अट १७ ते २२.

त्याच सुमाराला केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीचाही अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरला. बारावीला आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असणाऱ्यांसाठी ती आहे. तेव्हा पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १०,००० मिळत. आता १२,००० मिळतात आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आहे. कला, वाणिज्य शाखेच्या मुलांनी तर ही सोडूच नये, कारण त्यांना इन्स्पायर नाही. पण तिच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेत असाल तर ही घेता येत नाही. म्हणून अर्ज दोन्ही, लाभ एकच, असं ठरवून आम्ही चाललो. इन्स्पायरची निवड झाल्यावर दुसऱ्याचं पुढं काही केलं नाही.

निवडीचं कळलं त्या दिवशी ती ग्रंथालयात पुस्तकं लावत होती. तिनं मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

पुढं अडलं ते खात्यात. एनएमएमएसच्या वेळचं तिचं खातं अल्पवयीन म्हणून आप्पांबरोबर उघडलेलं होतं. ती अठरा पूर्ण झाली की नव्यानं केवायसी करून ते सज्ञान खात्यात बदलावं लागतं. तोवर त्यात व्यवहार होत नाहीत. त्यात आधारवर आडनावाचं स्पेलिंग एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं. इन्स्पायरसाठी स्टेट बँकेचं तिच्या एकटीच्या नावाचं खातं हवं होतं. आधार दुरुस्त करणं, मग पॅन, मग खातं, यात दोन महिने गेले. हे सगळं सुट्टीत आधीच उरकता आलं असतं. मला सुचलं नाही, ही माझी चूक. त्यानंतर दरवर्षी बारावीचा वर्ग सुरू झाला की मी पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर तपासून घेतो.

पहिले ६०,००० खात्यात आले तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती. निवड, कागद, पडताळणी, मग पैसे, अशी ही रीत आहे, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी आधीच्या वर्षाची गुणपत्रिका आणि कॉलेजचा प्रगती अहवाल चढवल्यावरच पुढचा हप्ता. मधलं वर्ष दुधावर आणि ग्रंथालयाच्या दोन तासांवर निघालं. म्हणून तो २२,००० चा आकडा महत्त्वाचा होता.

कोरोनाची वर्षं आणि एक स्थळ

मार्च २०२० नंतर कॉलेज बंद झालं. पुण्यात शिकणारी गावातली मुलं खोल्यांची भाडी भरत घरी बसली होती. हिचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. नेटवर्कसाठी ती टेकावरच्या बिरोबाच्या देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसायची. आलेल्या शिष्यवृत्तीतून तिनं लॅपटॉप घेतला, तोही आप्पांना न विचारता. "माझ्या खात्यातले होते," असं तिनं मला सांगितलं तेव्हा आवाजात थोडी भीती आणि बराच अभिमान होता.

जवळचं कॉलेज निवडताना मुलींच्या बाबतीत एक धोका असतो, तो मोकळेपणानं लिहायला हवा. मुलगी डोळ्यांसमोर आहे, खर्च थोडा आहे, म्हणजे घरच्यांच्या लेखी ते लग्न होईपर्यंतचं कॉलेज होऊन बसतं. २०२१ च्या उन्हाळ्यात हिलाही स्थळ आलं. मुलगा मिलिटरीत, घर चांगलं, लॉकडाउनमध्ये पन्नास माणसांत लग्न उरकतं, खर्च वाचतो. मामा स्वतः घेऊन आले होते. मला वाटलं, आता संपलं. पण आप्पांनी मामांना जे सांगितलं ते मुलीच्या आईनं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं: "तिला सरकारनं पाच वर्षं निवडलीय. अजून तीन राहिलीत. मधी मोडायची न्हाई."

आप्पांनी हे कुठल्या तत्त्वापोटी म्हटलं असेल असं मी म्हणणार नाही. कदाचित पुढच्या तीन हप्त्यांचाही विचार असेल. पण मुलीच्या नावावर, मुलीच्या खात्यात, मुलीच्या गुणांवर येणारा पैसा घरात तिचं वजन कसं वाढवतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

कोल्हापूर

२०२२ मध्ये बी.एस्सी. झाली. प्रयोगशाळा बंद असल्यानं लांबलेला उन्हाळी प्रकल्प तिनं त्या वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात केला. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवर, वर्षानुवर्षं काम चालतं. मी एकदा भेटायला गेलो तर ती बीकरसमोर उभी होती. आत काचेची पट्टी उभी ठेवलेली, द्रावणात कॅडमियमचा क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया, खाली गरम पाण्याचं भांडं. "सर, थांबा, आत्ता रंग येईल." हळूहळू द्रावण पिवळं होत गेलं. तिनं चिमट्यानं पट्टी काढली, डिस्टिल्ड वॉटरनं धुतली आणि उजेडासमोर धरली. काचेवर हळदीच्या बोटासारखा पातळ, एकसारखा थर. कॅडमियम सल्फाइड. बारावीपर्यंत जिनं स्वतःच्या हातानं फक्त ठरलेले प्रयोग केले होते, ती आता तापमान पाच अंशांनी बदललं तर थर कसा बदलतो ते मला समजावून सांगत होती.

एम.एस्सी.ला प्रवेश तिथंच मिळाला. वसतिगृह आणि मेसचा खर्च इन्स्पायरच्या पैशांत भागला. पाच वर्षांचे मिळून ३,००,००० झाले. घरातून गेले ते पहिल्या वर्षाचे आणि वरखर्चाचे. २०२४ मध्ये एम.एस्सी. पूर्ण झाली. सध्या ती एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि सेटची तयारी करते. तासिकेवर मिळणारे पैसे थोडे आहेत, कायम नोकरीची वाट लांब आहे, हे मी लपवत नाही. तिच्याबरोबरची पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेली एक मैत्रीण आज तिच्यापेक्षा जास्त कमावते, आणि दुसरी अजून कर्जाचे हप्ते भरत नोकरी शोधतेय.

आज हाच हिशेब केला तर

आजच्या मुलीनं आमची वही जशीच्या तशी उचलू नये. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं गणित बदललंय. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे वहीतले ५५,००० आज शून्य झाले असते. राहणं, मेस आणि इतर शुल्क मात्र तसंच राहतं, आणि तिथंच जवळच्या कॉलेजचा फायदा अजून उरतो. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच भरायची. कॅपमधूनच प्रवेश घ्यायचा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही, हे तर दहा वेळा सांगावं. त्या एका चुकीनं सगळ्या सवलती जातात.

इन्स्पायरचे अर्ज कधी सुरू होतील, अटी काय असतील हे दरवर्षी संकेतस्थळावरच पाहावं, माझ्यासारख्या कुणाच्या आठवणीवर जाऊ नये.

या जूनमध्ये ती आमच्या कॉलेजवर आली होती. बारावीला ९१ टक्के मिळालेली एक मुलगी आणि तिची आई स्टाफरूममध्ये बसल्या होत्या, समोर साताऱ्याच्या कॉलेजचं माहितीपुस्तक. आई फीचं पान शोधत होती. हिनं पुस्तक हळूच आपल्याकडं घेतलं, सरळ शेवटची पानं उघडली आणि पर्समधून पेन काढलं.

"काकी, आधी इथून वाचू."